रांगेतला अल्बानिया, बाजारातला उत्तर कोरिया

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: हुकूमशहा एन्व्हर होजाच्या काळातला अल्बानिया आणि किम घराण्याचा उत्तर कोरिया हे दोन्ही दारं-खिडक्या लावून घेतलेले कम्युनिस्ट देश. तिथल्या साध्या माणसाचा दिवस सारखाच जायचा का? जोडीला दोन उपप्रश्न आहेत. आपल्याकडेही 1972च्या दुष्काळात लोकांनी मिलो आणि सुकडीवर दिवस काढले, रॉकेलच्या रांगा लावल्या, मग त्यांचं दुःख वेगळं कसं? आणि उत्तर कोरियाच्या राजधानीचे, प्याँगयांगचे, चकचकीत व्हिडिओ हल्ली फिरतात, ते खरे मानायचे का?

मी सव्वीस वर्षं कॉलेजात हा विषय शिकवतोय. अल्बानियाच्या राजधानीत, तिरानाला, दोनदा जाऊन राहिलो, आणि एक अख्खा हिवाळा दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये उत्तरेतून निसटून आलेल्या लोकांशी बोलण्यात घालवला. उत्तर कोरियात माझं पाऊल पडलेलं नाही. तिथलं जे सांगतोय ते तिथून आलेल्यांच्या तोंडून ऐकलेलं आणि इतक्या वर्षांच्या वाचनातलं आहे.

आधी माझं मत सांगतो. या दोन देशांना एकाच खुंटीला टांगू नका. अल्बानियातला माणूस सकाळी उठून रांगेत जायचा. उत्तर कोरियातला माणूस, निदान 1990च्या दशकानंतर, सकाळी उठून बाजारात जातो. रांग आणि बाजार यातला हा फरक वरवर छोटा वाटेल. पण घरात बाईचा शब्द किती चालतो, पोलिसाला किती भ्यायचं, आणि शेवटी ती राजवट टिकते की कोसळते, हे सगळं त्या फरकातून निघतं.

तिरानात मी ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला गल्लीच्या कोपऱ्यावर घेऊन गेल्या. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे, पूर्वी दुधाचं होतं. त्यांनी आपली पर्स फुटपाथवर ठेवली, दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "ही मी." मला आधी कळेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं. 1980च्या दशकात दुधाची गाडी सकाळी यायची, पण रांग पहाटे तीनलाच लागायची. थंडीत तेवढा वेळ कोण उभं राहणार? म्हणून लोक आपापल्या जागी एखादी वस्तू ठेवून घरी जायचे. कुणाचा दगड, कुणाची फुटकी बादली, कुणाची जाळीची पिशवी. कुठला दगड कुणाचा हे सगळ्या गल्लीला पाठ. गाडीचा आवाज आला की माणसं धावत यायची आणि दगडांची पुन्हा माणसं व्हायची. एवढ्या वर्षांत दुसऱ्याचा दगड कुणी पायानं उडवलेला त्यांनी पाहिला नव्हता. हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि मला तो रास्त वाटला.

पण दुधाची ही तंगी निसर्गानं आणलेली नव्हती, ती धोरणातून आली होती. शेतीचं सामुदायिकीकरण 1967पर्यंत डोंगराळ भागासकट पूर्ण झालं. तरी शेतकऱ्याच्या परसात एखादी गाय, दोन-चार मेंढ्या उरल्या होत्या. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्याही सहकारी कळपात जमा करून घेतल्या. जी गाय घरची म्हणून रात्री उठून पाहिली जायची, ती आता कुणाचीच राहिली नाही. दूध काढणाऱ्या खेड्यातच दूध मिळेनासं झालं. त्यातच 1976च्या राज्यघटनेच्या 28व्या कलमानं परदेशी कर्ज घ्यायलाच बंदी केलेली. होजाचं 1948मध्ये युगोस्लाव्हियाशी फाटलं, 1961मध्ये सोव्हिएत रशियाशी आणि 1978मध्ये चीनशी. शेवटचा पाठीराखा गेला आणि कर्जाचं दार आपणच आतून लावून घेतलेलं. मग तीस लाखांचा देश एकट्याच्या बळावर सगळं करू पाहतो, तेव्हा त्याचा भार दुधाच्या रांगेतल्या बाईवर येतो.

त्याच वेळी देशभर काँक्रीटची बंकरं उभी राहत होती, सुमारे पावणेदोन लाख. आजही शेतात, समुद्रकिनारी, कबरस्तानात ती कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवलेली दिसतात. त्यातून एकही गोळी शत्रूवर झाडावी लागली नाही. त्या सिमेंटात किती घरं झाली असती, हा हिशोब मालकीणबाई अजून मांडतात. सात माणसं दोन खोल्यांत राहायची त्यांच्याकडे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तो त्या लोकांवर अन्याय होईल. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अल्बानियात बहुसंख्य लोक निरक्षर होते, दलदलीच्या पट्ट्यात हिवतापानं माणसं मरत, आणि सरासरी आयुर्मान चाळिशीच्याही आत होतं. 1980च्या दशकात ते सत्तरीच्या आसपास पोचलं. 1957ला तिरानाचं विद्यापीठ सुरू झालं. 1970मध्ये सरकारनं देशातल्या प्रत्येक गावात वीज पोचल्याचं जाहीर केलं. आमच्या मालकीणबाईंच्या आईला सही येत नव्हती, आणि त्या स्वतः रसायनशास्त्र शिकून कारखान्यात लागल्या. होजाबद्दल त्या एक शब्द बरा बोलत नाहीत, पण शाळेचा विषय निघाला की गप्प होतात.

त्या शाळेचं दार मात्र सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. अल्बानियन भाषेत एक शब्द आहे, 'बिओग्राफी'. आपण चरित्र म्हणतो तोच शब्द, पण तिथे त्याचा अर्थ होता घराण्याची सरकारी नोंद. आजोबा जमीनदार होते का, काका सीमा ओलांडून पळाला का, मामा धर्मगुरू होता का. बिओग्राफी चांगली असेल तर विद्यापीठ, बरी नोकरी, घर. वाईट असेल तर हुशार मुलालाही कुदळ हाती घ्यावी लागे. अशा कित्येक कुटुंबांना लुश्न्येच्या बाजूच्या खेड्यांत सक्तीनं नेऊन ठेवलं होतं. रोज हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, आणि मुलं जन्मली तीही तशीच नोंदवली जायची. लग्न जमवताना पत्रिका नव्हे, बिओग्राफी पाहत. चांगल्या घरच्या मुलाचं मन वाईट नोंदीच्या मुलीवर बसलं तर आख्खं घर हादरायचं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण थेट पंतप्रधानांच्या घरातलं आहे. मेहमेत शेहू 1954पासून 1981पर्यंत पंतप्रधान होते, होजाचे उजवे हात. 1981मध्ये त्यांच्या मुलाचा साखरपुडा एका मुलीशी झाला, आणि त्या मुलीचे काही नातेवाईक देशाबाहेर पळालेले निघाले. पक्षाच्या बैठकीत शेहूंना झोडपलं गेलं. डिसेंबरमध्ये ते मेलेले सापडले, सरकारनं आत्महत्या म्हणून सांगितलं. मग त्यांना परदेशी हेर ठरवण्यात आलं आणि बायको-मुलं तुरुंगात गेली. सत्तावीस वर्षं पंतप्रधान असलेल्या माणसाला साखरपुडा भोवतो, तिथे कारखान्यातल्या कामगारानं मुलीचं लग्न ठरवताना काय धास्ती घेतली असेल!

उत्तर कोरियात याच गोष्टीला 'सोंगबुन' म्हणतात. 1950-60च्या दशकांत सगळ्या लोकसंख्येची छाननी करून तीन थर पाडले: भरवशाचे, डळमळीत आणि शत्रू. आजोबांनी जपानी राजवटीत काय केलं, कोरियन युद्धात घरातला कोणी दक्षिणेला गेला का, यावरून नातवाचं राहण्याचं शहरसुद्धा ठरतं. प्याँगयांगमध्ये राहायला मिळणं हाच मोठा मान. इथपर्यंत दोन्ही देश जुळे भाऊ वाटतात. पण अल्बानियात वाईट बिओग्राफीवर पैशाचा इलाज नव्हता, कारण कुणाकडे पैसाच नव्हता आणि असला तरी त्यानं विकत घ्यावं असं काही नव्हतं. फ्रिज किंवा टीव्ही घ्यायलासुद्धा परवाना लागे, आणि खाजगी मोटार बाळगायला तर बंदीच होती. उत्तर कोरियात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पैसा आला आणि सोंगबुनची धार काही ठिकाणी बोथट झाली. प्रवासाचा परवाना, मुलाची बरी नेमणूक, राहण्याची जागा, हे लाच देऊन जमू लागलं. पक्षातली मोठी जागा किंवा सुरक्षा खातं मात्र अजूनही वंशावळ पाहूनच.

हा पैसा आला कुठून, ते समजून घ्यायचं तर भुकेपासून सुरुवात करावी लागते.

1980च्या दशकापर्यंत उत्तर कोरियात धान्य सरकारच वाटत असे. साध्या कामगाराला दिवसाला 700 ग्रॅम, जड काम करणाऱ्याला 900, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्याहून कमी. महिन्यातून दोनदा वाटप, पिशवी घेऊन जायचं. धान्य म्हणजे तांदूळ आणि मका मिळून, आणि जसजसे दिवस गेले तसा मकाच जास्त. धान्याचा हा हप्ता 1970 आणि 80च्या दशकांतच थोडाथोडा कापला जात होता. 1991ला सरकारनं 'दिवसातून दोनदाच जेवू या' अशी मोहीम काढली. त्याच वर्षी सोव्हिएत संघ मोडला, स्वस्तातलं तेल थांबलं, आणि मग चीननंही रोख परकी चलन मागायला सुरुवात केली. तिथली शेती खत आणि पाण्याच्या पंपांवर चालणारी. तेल नाही म्हणून खत नाही, वीज नाही म्हणून पंप नाही, गाड्या नाहीत म्हणून जे पिकलं ते हलत नाही. 1994च्या जुलैत देशाचे संस्थापक नेते किम इल-सुंग वारले आणि 1995च्या उन्हाळ्यात महापूर आला. सरकारनं पुराचं नाव सांगितलं, पण पूर यायच्या आधीच कोठारं रिकामी होती.

किती माणसं मेली? जबाबदार अभ्यासक साधारण सहा लाख ते दहा लाख म्हणतात, काहींचे आकडे याच्या कितीतरी वर जातात. हामहंग, चोंगजिन ही ईशान्येकडची कारखान्यांची शहरं आधी गेली, कारण तिथे शेती नव्हती आणि हप्ता तिथेच पहिल्यांदा बंद पडला. सोलमध्ये मला भेटलेल्या एका बाई हेसान या चीनच्या सीमेवरच्या गावच्या. त्यांच्या शेजारी एक शाळामास्तर राहायचे. सरकार आज ना उद्या धान्य देईल म्हणून ते थांबून राहिले. बायकोनं घरातली भांडी विकायला काढली तर त्यांनी अडवलं, विकणं म्हणजे लाज. 1997च्या वसंतात आधी मास्तर गेले, मग त्यांची आई. बाई म्हणाल्या, त्या मास्तरांकडेच मी अक्षरं गिरवली होती. एवढं बोलून त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

आता 1972चा प्रश्न इथेच घेतो. महाराष्ट्रातला तो दुष्काळ भयंकर होता, माझ्या आईनं मिलोच्या लाल भाकऱ्या थापल्या आहेत, त्या दिवसांना मी हलकं लेखत नाही. पण त्या दुष्काळात 1973च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती, खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. का होती? कारण बातमी दाबता येत नव्हती. वर्तमानपत्रं लिहीत होती, विधानसभेत आरडाओरडा होत होता, लोक तहसीलवर मोर्चे नेत होते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तिरानात बाईनं रांगेत उभं राहून "आज पण टोमॅटो नाहीत" असं मोठ्यानं म्हटलं, तर 'चिथावणी आणि प्रचार' या गुन्ह्याखाली वर्षानुवर्षांची शिक्षा होऊ शकत होती, आणि अशी शिक्षा झालेल्या पुरुषांना स्पाच इथल्या तुरुंगाच्या तांब्या-गंधकाच्या खाणीत राबावं लागे. चोंगजिनमध्ये माणसं मरत असताना शेजारच्या प्रांताला त्याचा पत्ता नव्हता, कारण जायला परवाना लागे आणि रेडिओ फक्त सरकारी केंद्रच लागेल असा पक्का करून ठेवलेला. भूक दोन्हीकडे होती. ओरडायची सोय एकीकडेच होती. म्हणून मी या दोन गोष्टी एका तराजूत घालत नाही.

पुन्हा हेसानकडे. हप्ता बंद झाल्यावर जगलेली माणसं कशी जगली? विकून. आधी घरातलं सामान, मग डोंगरातली मुळं आणि रानभाज्या, मग काहीतरी शिजवून. या बाई 'इन्जोगोगी-बाप' विकायच्या, शब्दशः नकली मांसाचा भात. सोयाबीनचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो तो दाबून तपकिरी पट्ट्या करतात, त्याला मांस म्हणायचं. सोलच्या आपल्या छोट्या स्वयंपाकघरात त्यांनी माझ्यासाठी तो केला. पट्टी गरम पाण्यात भिजवली, मऊ झाल्यावर घडी उघडून तिचा खिसा केला, त्यात वाफाळता भात चेपून भरला आणि वरून मिरचीची लाल चटणी बोटानं फासली. हात इतका सराईत की भात भरताना त्या माझ्याकडे पाहून बोलत होत्या. पहिल्या घासाला चिवट लागतो, मग चव येते. दक्षिणेत मांसाला तोटा नाही, तरी उत्तरेतून आलेल्यांच्या हॉटेलांत हा भात मिळतो आणि लोक मुद्दाम जाऊन खातात.

ती विक्री चोरटी होती. अशा बाजाराला लोक 'नाकतोड्यांचा बाजार' म्हणत: पोलिसाची शिट्टी झाली की टोपली उचलून उडी, तो गेला की पुन्हा तिथेच बसायचं. हळूहळू सरकारनंच हात टेकले. 2002च्या सुधारणांनंतर छप्पर घातलेले बाजार उभे राहिले आणि गाळ्याचं भाडं सरकारजमा होऊ लागलं. या बाजारांना 'जांगमादांग' म्हणतात. तिथे विकायला बसतात त्या मुख्यतः लग्न झालेल्या बायका. पुरुषांना नेमलेल्या कारखान्यात हजेरी लावावीच लागते, तिथे काम असो-नसो, पगारात किलोभर तांदूळही येवो-न येवो. पुष्कळ पुरुष कारखान्यालाच दरमहा पैसे भरून गैरहजेरीची सूट विकत घेतात. म्हणजे बायको कमावते आणि नवऱ्याची सरकारी नोकरी टिकवायला पैसे मोजते. हेसानच्या बाई म्हणाल्या, "पूर्वी सासूबाई नवऱ्याला आधी वाढायच्या. बाजार आल्यावर मला आधी वाढू लागल्या, कारण मला पहाटे निघायचं असायचं." अल्बानियात बायका कारखान्यात गेल्या, शिकल्या, पण घरातली भाकरी सरकारच्या हातातून येत होती, म्हणून हा पालट तिथे झाला नाही.

बाजार म्हणजे सुटका असं मात्र समजू नका. 2009च्या नोव्हेंबरअखेर सरकारनं एका रात्रीत चलन बदललं. शंभर जुने वॉन म्हणजे एक नवा, आणि बदलून मिळणार सुरुवातीला घरटी फक्त एक लाख जुने वॉन. गादीखाली साठवलेले पैसे कागद झाले. बाईंची सात वर्षांची पुंजी गेली. तेव्हापासून ज्याला जमेल तो चिनी युआन नाहीतर डॉलर साठवतो, स्वतःच्या देशाच्या नोटेवर कुणी विसंबत नाही.

शेजाऱ्यांची नजर दोन्हीकडे होती, पण तिची घडण वेगळी. अल्बानियात 'सिगुरिमी' हे गुप्त पोलीस. तिरानात मध्यवस्तीत त्यांचं चोरून ऐकण्याचं केंद्र होतं, वेलींनी झाकलेलं. आता तिथे संग्रहालय आहे. ती इमारत मुळात प्रसूतिगृह म्हणून बांधलेली, हे तिथे वाचलं तेव्हा माझे पाय क्षणभर थांबले. कारखान्यात 'फ्लेता-र्रुफे' नावाचे फलक लागत, अर्थ 'विजेचा कागद'. त्यावर नाव घेऊन लिहायचं: अमुक उशिरा येतो, तमुकच्या मुलानं केस वाढवले आहेत. उत्तर कोरियात वीस ते चाळीस घरांचा एक गट असतो, 'इनमिनबान', आणि त्याची प्रमुख बहुधा मध्यमवयीन बाई. कुणाकडे पाहुणा मुक्कामाला आला, कुणाच्या घरी अचानक मांस शिजलं, सगळं तिला माहीत असावं लागतं, आणि रात्री तपासणीला माणसं येतात. शिवाय आठवड्यातून एकदा आत्मपरीक्षणाची बैठक: स्वतःची एक चूक सांगायची, दुसऱ्याची एक दाखवायची. मैत्रिणी आधीच ठरवून घेतात, या शनिवारी तू माझ्यावर उशिरा येण्याचा आरोप कर, पुढच्या वेळी मी तुझ्यावर करीन. हे ऐकताना मला तिरानाचा दगड आठवला. माणसं कुठेही एकमेकांना धरून राहण्याची वाट काढतात.

जानेवारीतला एक प्रकार सांगायलाच हवा. खत नाही म्हणून उत्तर कोरियात नव्या वर्षाच्या सुरुवातीला घरटी मानवी मैला गोळा करून द्यायचा ठराविक कोटा असतो. गोठलेला मैला पहारीनं फोडून पोत्यात भरतात, आणि संडासातून तो चोरीला जाऊ नये म्हणून कुलूप लावतात. ज्याला कोटा भरता येत नाही तो पैसे देऊन पावती विकत घेतो. इथेही बाजार आलाच.

धर्माबद्दल अल्बानिया उत्तर कोरियापेक्षाही उघडपणे कठोर होता. 1967मध्ये दोन हजारांहून जास्त मशिदी, चर्च आणि दर्गे बंद केले किंवा पाडले, आणि 1976च्या घटनेत लिहूनच टाकलं की राज्य कुठलाही धर्म मानत नाही. एर्नेस्त सिमोनी या पाद्र्याला 1963च्या नाताळात पकडलं. त्यांनी अठरा वर्षं सक्तमजुरीत काढली आणि 2016मध्ये, म्हातारपणी, पोपनी त्यांना कार्डिनल केलं. याच संदर्भात आपल्या देशाशी जोडलेली एक गोष्ट आहे. मदर तेरेसांची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या. मुलगी कोलकात्यात जगभर नावाजली जात होती, पण आईला भेटायला यायची परवानगी मिळाली नाही आणि आईला बाहेर पडायचीही नाही. आई 1972मध्ये वारली, बहीण पुढच्या वर्षी. मदर तेरेसा तिरानात पोचल्या 1989मध्ये, होजाला जाऊन चार वर्षं झाल्यावर, आणि तोवर भेटायला फक्त कबरी उरल्या होत्या. उत्तर कोरियात धर्माची जागा भिंतीवरच्या तसबिरींनी घेतली. किम पिता-पुत्रांच्या तसबिरी, त्या भिंतीवर दुसरं काही लावायचं नाही, पुसायला वेगळं पांढरं फडकं. हेसानच्या बाई सोलमध्ये आल्यावर पहिले काही महिने सकाळी उठून नकळत भिंतीकडे बघायच्या.

बाहेरचं जग कसं झिरपत होतं, तेही पाहा. अल्बानियाच्या समोर ओत्रांतोची सामुद्रधुनी, अरुंद जागी सत्तर किलोमीटरच्या आसपास, आणि पलीकडे इटली. संध्याकाळी लोक छपरावरची अँटेना हळूच इटलीकडे फिरवायचे आणि पहाटेच्या आत परत सरळ करायचे. संकेत नीट पकडायला डब्यात बसवलेलं घरगुती यंत्र असे, त्याला 'कानोचे' म्हणत, म्हणजे डबा. एक अख्खी पिढी टीव्हीवरून इटालियन शिकली. म्हणून दार उघडल्यावर ती माणसं सरळ इटलीला गेली. 1990च्या जुलैत हजारो लोकांनी तिरानातल्या परदेशी वकिलातींच्या भिंती चढल्या. 1991च्या फेब्रुवारीत भर चौकातला होजाचा पुतळा दोर लावून पाडला. त्याच ऑगस्टमध्ये 'व्लोरा' नावाचं एकच जहाज सुमारे वीस हजार माणसं घेऊन बारी बंदरात लागलं.

उत्तर कोरियात इटलीच्या जागी दक्षिण कोरिया आहे, आणि तिथे भाषा तीच. सीमेवरून आलेल्या पेन ड्राइव्हवर दक्षिणेच्या मालिका घराघरात पाहिल्या जातात. अल्बानियन माणसाला इटली बघून वाटायचं, तिकडे जावं. उत्तर कोरियन बाईला त्या मालिकेतली बाई आपल्याच बोलीत बोलताना दिसते, आपल्यासारखंच किमचीचं लोणचं घालते, आणि तिच्या घरात बटण दाबलं की दिवा लागतो. राज्यकर्त्यांना याची भीती जास्त आहे. 2020च्या डिसेंबरात यासाठी वेगळा कायदा केला, आणि असल्या गोष्टी वाटणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. त्याच वर्षी जानेवारीपासून साथीच्या नावानं सीमा आवळली. 2009मध्ये 2,900हून जास्त माणसं दक्षिणेत पोचली होती, 2021मध्ये अवघी 63.

मग अल्बानिया कोसळला आणि उत्तर कोरिया का टिकला? चीनचा आधार आहे, अण्वस्त्रं आहेत, सत्ता बापाकडून मुलाकडे गेली, ही सगळी कारणं खरी आहेत. पण इतकी वर्षं या घरांत बसून ऐकल्यावर मला दिसतं ते हे: अल्बानियात माणूस शेवटच्या दिवसापर्यंत सरकारच्या हाताकडे पाहत होता. तो हात रिकामा झाला तेव्हा मधे दुसरं काहीच नव्हतं, आणि सगळा राग थेट तिथेच गेला. उत्तर कोरियात सरकारचा हात त्याच सुमारास रिकामा झाला, पण लोकांचं पोट बायकांनी सांभाळलं, आणि सरकार त्या बायकांच्या कमाईतून गाळ्याचं भाडं, लाच आणि वर्गणी घेत जगायला शिकलं. ज्या बाजारानं माणसं वाचवली, त्यानंच राजवटीलाही उसंत मिळवून दिली. हे मला फार छळतं, कारण त्यात त्या बायकांचा काडीचाही दोष नाही.

आता व्हिडिओंबद्दल. त्यातल्या इमारती, रस्ते, वॉटर पार्क खोटे नाहीत. पण प्याँगयांगमध्ये राहायला निवडलेली माणसंच असतात, बाहेरगावच्या माणसाला तिथे शिरायलाही खास परवाना लागतो, आणि पाहुण्याला कुठल्या रस्त्यानं न्यायचं ते आधी ठरलेलं असतं. एकदा असाच एक व्हिडिओ मी हेसानच्या बाईंबरोबर पाहिला. मी रुंद रस्ते बघत होतो. त्यांनी मधेच थांबवायला सांगितलं आणि पडद्यावर बोट ठेवलं, एका उंच इमारतीच्या बाल्कन्यांवर. जवळजवळ प्रत्येक बाल्कनीत एक छोटं सौर पॅनेल बाहेर झुकवून लावलेलं होतं. "ही चिनी, बाजारातून घेतलेली," त्या म्हणाल्या. "रात्री एक दिवा आणि मोबाइल चालेल एवढीच." मग वरच्या मजल्यांकडे बोट नेलं. लिफ्ट चालत नाही आणि पाणी वर चढत नाही, म्हणून वरची घरं स्वस्तात जातात, हे त्यांनी सांगितलं. विसाव्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत कुणीतरी ओळीनं बादल्या मांडून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी मोजल्या. सहा होत्या.